मदत हवी आहे: टॅमॉक्सिफेन चालू असताना सोया आयसोफ्लेव्होनची कॅप्सूल?

नमस्कार मंडळी. माझ्या आईला (वय 53) दीड वर्षापूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला, इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे कॅन्सरच्या पेशींवर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनला चिकटायच्या जागा, रिसेप्टर, असतात). ऑपरेशन, रेडिएशन झालं, आता रोज टॅमॉक्सिफेन 20 मि.ग्रॅ. चालू आहे. त्यामुळे अंगातून वाफा येतात, रात्री दोनदा गाऊन बदलावा लागतो. बिचारी वैतागलीय.

शेजारच्या काकूंनी तिला एक 'नॅचरल' डबी दिली. काल चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली: सोया आयसोफ्लेव्होन (सोयाबीनमधली इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं), रेड क्लोव्हर (एक वनस्पती), शतावरी. आईने आठवडाभर घेतलीसुद्धा, कुणाला न सांगता!

सोयातलं जेनिस्टीन, म्हणजे एक आयसोफ्लेव्होनच, इस्ट्रोजेनच्याच रिसेप्टरला जाऊन चिकटतं, आणि टॅमॉक्सिफेनचं काम तर तोच रिसेप्टर अडवून धरायचं. उंदरांवरच्या प्रयोगात जेनिस्टीनने टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी केल्याचंही वाचलं. तेव्हापासून पोटात गोळा आलाय. डबी मी कपाटात कुलूपबंद केलीय. डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे, डबी घेऊनच जाणार.

तोवर विचारायचं होतं, टॅमॉक्सिफेनवर असताना वाफांसाठी तुमच्या डॉक्टरांनी काय दिलं? आहारातल्या सोयाबीनला, टोफूला सहसा हरकत नसते असं वाचलंय, तुम्हाला काय सांगितलं? आणि शतावरी कल्प? आमच्याकडे तो दुधात घालून सगळेच पितात, म्हणून औषध वाटतच नाही.

'आयुर्वेदिक आहे, काही होत नाही' हे उत्तर कृपया नको. ते काकूंकडून रोज मिळतंय.