मदत हवी आहे : इंग्लंडमधल्या नद्यांबद्दल भरवशाचं काय वाचावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही हॅम्पशायरमधल्या एका खेड्यात राहतो. घरामागच्या पायवाटेने पाच मिनिटं चाललं की नदी लागते. कृष्णेच्या काठी वाढलेल्या माणसाला तो ओढाच वाटेल, पण पाणी इतकं नितळ की गुडघाभर खोलीवरचा खडान्‌खडा दिसतो. अशा नदीला इथे चॉक स्ट्रीम म्हणतात. पावसाचं पाणी खडूच्या खडकात मुरतं, कित्येक महिने आतच राहतं आणि मग झऱ्यांतून गार, गाळून निघाल्यासारखं वर येतं. जगातल्या अशा बहुतेक नद्या इंग्लंडमध्येच आहेत.

गेल्या उन्हाळ्यात माझा नऊ वर्षांचा मुलगा आठवडाभर रोज त्यात डुंबला. एके सकाळी पुलाखाली करडा फेस साचलेला दिसला. दगडावर बोट फिरवलं तर तपकिरी, बुळबुळीत थर बोटाला आला. दोन दिवसांनी मुलाचं पोट बिघडलं. ते नदीमुळेच बिघडलं असं मी म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण तेव्हापासून रात्री सगळी निजानीज झाली की मी याच विषयावर वाचत बसते.

आणि वाचून जास्तच गोंधळते. एकीकडे सगळं ठीक चाललंय असं सांगणारी गुळगुळीत पत्रकं, दुसरीकडे नद्या मेल्या म्हणणारे मथळे. इंग्लंडमध्ये २०२२ साली ३,०१,०९१ वेळा सांडपाणी ओव्हरफ्लोमधून, म्हणजे नळ भरल्यावर पाणी सोडायच्या वाटांतून, बाहेर सोडलं गेलं, २०२३ साली ४,६४,०५६ वेळा. एका वर्षात दीडपट कसं झालं? हा आकडा मोजतात तरी कसा?

मला असं लिहिणारे हवे आहेत जे आकडा कुठून आला ते सांगतात, चुकले तर दुरुस्ती करतात आणि ज्यांचे पाय कधीतरी नदीत भिजलेले आहेत. नद्यांवरचं आधी, पण पक्षी, शेती, हवामान यांवरचंही चालेल. पेशाने फार्मासिस्ट आहे, त्यामुळे तांत्रिक लिखाणाला घाबरत नाही. पुढच्या महिन्यात पॅरिश कौन्सिलच्या (इथल्या ग्रामपंचायतीसारख्या परिषदेच्या) बैठकीत मला तीन मिनिटं बोलायला मिळणार आहेत. चुकीचं काही बोलायचं नाही.

– पाणकणीस

थेम्सकाठी :
हवामान आणि ऊर्जा यांसाठी डोळे मिटून कार्बन ब्रीफ ही वेबसाइट. रोज सकाळी त्यांची ईमेल येते, आलेखाखाली मूळ माहितीचा दुवा असतो. नद्यांसाठी मात्र ते पुरेसं नाही. गार्डियनमधलं 'कंट्री डायरी' हे छोटं सदर शंभराहून अधिक वर्षं चालू आहे, तेही वाचत जा. त्यात आकडे नसतात, पण इथल्या झाडापाखरांची नावं त्यातूनच अंगवळणी पडतात. मी तशीच शिकले.

गाळ :
पाणकणीसताई, मी सांडपाण्याच्या नळांच्या आरेखनात बारा वर्षं काम केलंय, म्हणून आकड्यांचं तेवढं सांगतो. कोण विश्वासाचं हे त्यावरूनच ओळखता येईल.

इथल्या जुन्या गावांत घरातलं सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच नळातून जातं. जोराचा पाऊस झाला की नळात मावत नाही. ते पाणी उलटं घरात शिरू नये म्हणून नदीत सोडायची वाट ठेवलेली असते, तिला स्टॉर्म ओव्हरफ्लो म्हणतात. इंग्लंडमध्ये अशा वाटा १४ हजारांच्या वर आहेत.

आता मोजणी. पाणी सुटलं की पहिल्या बारा तासांत कितीही वाहो, तो एक स्पिल. त्यापुढे प्रत्येक चोवीस तासांना आणखी एक. म्हणजे दहा मिनिटं वाहिलं तरी एक आणि अकरा तास वाहिलं तरी एकच. म्हणून नुसती संख्या सांगणाऱ्यापेक्षा तास सांगणारा बरा. २०२३ चे तास ३६ लाखांवर जातात. ओव्हरफ्लोवर बसवलेली यंत्रं फक्त पाणी सुटल्याच्या वेळा टिपतात, किती घनमीटर वाहिलं हे त्यांना कळतच नाही, त्यामुळे कोणी या आकड्यांवरून लिटर सांगू लागला तर तिथेच थांबा.

दुसरी गोष्ट, २०१६ साली जेमतेम ८६२ ओव्हरफ्लोंवर यंत्रं होती, २०२३ अखेर सगळ्यांवर बसली. त्यामुळे 'सात वर्षांत इतके पटीने वाढलं' हे वाक्य दिसलं की समजायचं, लिहिणाऱ्याने तळटीप वाचलेली नाही. तुमच्या दोन वर्षांमधला फरक मुख्यतः पावसाचा. २०२२ कोरडं गेलं, २०२३ ओलं. पण याचा अर्थ परिस्थिती बरी आहे असा मुळीच नाही. पाऊस नसतानाही वाहणारे ओव्हरफ्लो आहेत, आणि खरा प्रश्न तिथे आहे.

यावर सर्वांत नेटकं काम ऑक्सफर्डशायरमधल्या विंडरश नदीकाठच्या लोकांनी केलंय. गटाचं नाव विंडरश अगेन्स्ट स्यूएज पोल्यूशन. त्यातले निवृत्त प्राध्यापक पीटर हॅमंड यांनी मैला शुद्धीकरण केंद्रांच्या प्रवाहाच्या नोंदी मिळवल्या, त्यांवर संगणकाला शिकवून न कळवलेले स्पिल शोधले आणि २०२१ मध्ये शोधनिबंध छापला. पद्धत उघडी ठेवली आहे, कोणीही तपासू शकतं. तुम्हाला हवा तो नमुना हाच.

खंड्या :
गाळ यांचं पटलं, पण सगळं खापर सांडपाण्यावर फुटतं याचं मला वाईट वाटतं. एन्व्हायर्नमेंट एजन्सी या इंग्लंडच्या सरकारी पर्यावरण संस्थेच्या आकडेवारीनुसार ४०% जलस्रोतांना शेतीचा त्रास आहे, सांडपाण्याचा ३६% ना. वेल्स-इंग्लंड सीमेवरच्या वाय नदीच्या खोऱ्यात दोन कोटींवर कोंबड्या पाळल्या जातात. त्यांची विष्ठा शेतांत पडते, फॉस्फेट नदीत येतं, पाणी हिरवं होतं आणि तळाची वनस्पती उजेडाविना मरते. वायबद्दल गार्डियनचे स्तंभलेखक जॉर्ज मॉनबियो यांनी सातत्याने लिहिलंय. त्यांची मतं टोकाची वाटतात, तरी मी वाचतो, कारण ते संदर्भ देतात. पक्ष्यांसाठी मार्क एव्हरी. आरएसपीबी या पक्षीसंरक्षण संस्थेत संवर्धन संचालक होते, २०११ मध्ये बाहेर पडले आणि तेव्हापासून मोकळेपणाने लिहितात.

आणि एक विनंती. वाचनाबरोबर, नदीतले छोटे जीव मोजून पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या रिव्हरफ्लाय पार्टनरशिपचं एक दिवसाचं प्रशिक्षण घ्या. जाळी नदीच्या तळाशी उभी धरायची, तिच्या वरच्या अंगाला गमबुटाने तीन मिनिटं खडी ढवळायची, मग जाळीतलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं. आधी नुसता कचरा दिसतो. मिनिटभर थांबलं की कचरा चालायला लागतो. वाळूच्या नळीत राहणारी कॅडिसची अळी, तीन शेपट्यांची मेफ्लायची अळी, आडवी पोहणारी गोड्या पाण्यातली कोळंबी. असे आठ गट मोजायचे. संख्या ठरलेल्या पातळीखाली गेली की एजन्सीला कळवायचं. बाटलीतला नमुना त्या क्षणाचं पाणी सांगतो, हे जीव मागचे कित्येक आठवडे सांगतात.

कऱ्हाडकर :
आपल्याकडे माहिती अधिकार आहे तसे इथे एन्व्हायर्नमेंटल इन्फर्मेशन रेग्युलेशन्स २००४ आहेत. पाणी कंपन्या खासगी असल्या तरी त्यांना हे नियम लागू आहेत, २०१५ च्या निकालानंतर त्यात शंका उरलेली नाही. साधी ईमेल पुरते. २० कामाच्या दिवसांत उत्तर यायला हवं. तुमच्या पुलाच्या वरच्या बाजूचा ओव्हरफ्लो रिव्हर्स ट्रस्ट या नद्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या नकाशावर शोधा आणि सुरू-बंद झाल्याच्या वेळा मागा. नुसता वार्षिक गोषवारा घेऊ नका.

पाणकणीस :
सगळ्यांचे मनापासून आभार. गाळदादा, बारा तासांचा नियम वाचला आणि बैठकीसाठी लिहिलेला पहिला परिच्छेद खोडला. त्यात मी स्पिलची संख्या दुपटीने वाढल्याचं लिहिलं होतं, आणि आमच्या पुलाजवळच्या ओव्हरफ्लोवरचं यंत्रच मधल्या वर्षी बसलेलं निघालं.

कऱ्हाडकर, ईमेल काल रात्री पाठवली. जून ते ऑगस्टच्या वेळा मागितल्या आहेत. जवळच्या हवामान केंद्राच्या पावसाच्या नोंदी उतरवून घेतल्या आहेत, दोन्ही शेजारी ठेवून बघेन. फेस दिसला त्याच्या आधीचे पाच दिवस कोरडे होते.

खंड्या, प्रशिक्षणाचं नाव नोंदवलं. मुलाला ट्रेचं वर्णन वाचून दाखवलं, तर तो घरातला सगळ्यांत मोठा पांढरा डबा घेऊन दारात उभा. प्रशिक्षणाला नऊ वर्षांच्या मुलाला सोबत घेऊ देतात का, की त्याने काठावरूनच बघायचं? आणि चॉक स्ट्रीमच्या तळाला पांढऱ्या फुलांची लांब वेल असते, तिच्यात पाय घालायचा की मोकळी खडी शोधायची?