आधी समेट, मग अर्पण

चारचौघांत आपला विश्वास दिसावा म्हणून सतत बायबलमधली वचनं सांगत राहावं, असं तुम्ही म्हणता. वचन सांगूच नये असं माझं म्हणणं नाही. पण मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 5:16 मध्ये लोकांना दिसायची आहेत ती सत्कर्मं, आणि गौरव व्हायचा तो स्वर्गातल्या पित्याचा. 6व्या अध्यायाच्या सुरुवातीलाच, लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका, असा इशाराही आहे.

त्याच 5व्या अध्यायातली 23-24 ही वचनं मला फार जड जातात. वेदीपाशी अर्पण आणलं आणि आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायचा. नीट पाहा, आपला राग नाही, त्याचा! एकदा हाताखालच्या सहकाऱ्याला मी सगळ्यांदेखत नको ते बोललो होतो. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर घेताना, ते आठवलं आणि त्या दिवशी भाकर घ्यायला हात पुढे झाला नाही. दुसऱ्या दिवशी माफी मागितली, तीही सगळ्यांदेखतच, कारण अपमान तसाच केला होता. तो काहीच बोलला नाही. बोलायलाच हवं होतं असंही नाही.

लूकच्या शुभवर्तमानातल्या 19व्या अध्यायातला जकातदार जक्कयही नुसत्या पश्चात्तापाच्या गोष्टी करत बसत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत, असा सरळ हिशेब मांडतो. कुणाची मजुरी, उसने पैसे किंवा कामाचं श्रेय आपल्याकडे अडकलं असेल, तर मी सुरुवात तिथून करेन.