वार्षिक रिचार्जमधील ओटीटी सुविधा मध्येच बंद झाली. नंबर पोर्ट करावा का?

प्रश्न : कोथरूडकर
दिवाळीत मी एका कंपनीचा ३६५ दिवसांचा प्रीपेड प्लॅन घेतला. तिचाच त्याहून स्वस्त वार्षिक प्लॅन असूनही मी हा महागडा निवडला, तो केवळ त्यासोबत वर्षभर मिळणाऱ्या ओटीटी सदस्यत्वासाठी. मागच्या आठवड्यात "आपल्या प्लॅनच्या लाभांत बदल करण्यात आला आहे" एवढाच एसएमएस आला, आणि ॲपमध्ये पाहिले तर प्लॅनच्या तपशिलातून ती ओळच नाहीशी झालेली. कस्टमर केअरच्या मते कॉल आणि डेटा पूर्ववत असल्यामुळे तक्रारीला जागाच नाही. जवळपास निम्मी वैधता शिल्लक आहे. नंबर तोच ठेवून कंपनी बदलली, तर उरलेले पैसे परत मिळतील का?

उत्तर : सह्याद्री
कंपनी बदलणे सोपे आहे. 'पोर्ट' लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकायचा आणि तो एसएमएस १९०० वर पाठवायचा, की पोर्टसाठी नव्या कंपनीला द्यायचा आठ अक्षरांचा यूपीसी कोड येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो, तेवढ्यात नव्या कंपनीकडे केवायसी उरकावे. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले असावेत आणि नुकतेच सिम बदलून घेतले असेल, तर सात दिवस थांबावे लागते. पैशांचे उत्तर मात्र कटू आहे : पोर्ट झाल्यावर प्रीपेडची शिल्लक आणि उरलेली वैधता बुडते. म्हणून आधी तक्रार, मग पोर्ट.

उत्तर : ग्राहकहित
सह्याद्री यांनी सांगितलेला क्रम योग्य आहे. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या दूरसंचार दर आदेशात मार्च २००६ मध्ये झालेल्या ४३व्या दुरुस्तीनुसार, घेतलेला प्लॅन ग्राहकाला किमान सहा महिने आणि सहा महिन्यांहून अधिक मुदतीचा म्हणून विकलेला प्लॅन त्या संपूर्ण मुदतीपर्यंत उपलब्ध राहिला पाहिजे. ग्राहकाला मात्र मध्येच दुसरा प्लॅन निवडण्याची मोकळीक आहे. ओटीटी हा 'दरा'चा भाग नसून वरची भेट आहे, असा युक्तिवाद कंपनी करणार हे गृहीत धरा. त्याला सर्वांत चोख उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे : दोन वार्षिक प्लॅनच्या किमतींतला फरक. भेट फुकट होती, तर तो फरक कशाचा घेतला?

तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक घ्या. समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करा. निकालाची मुदत ३९ दिवसांची आहे. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तेव्हा तिकडे अर्ज पाठवून वेळ घालवू नका.

उत्तर : जुना_ग्राहक
एवढ्याशा रकमेसाठी एवढा खटाटोप मी तरी करणार नाही. शिवाय "लाभ पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतात" हे वाक्य प्रत्येक प्लॅनच्या तळाशी बारीक अक्षरांत असतेच.

उत्तर : ग्राहकहित
असते खरे, पण जाहिरातीत ठळक अक्षरांत वर्षभराचे आश्वासन द्यायचे आणि तळटिपेत ते काढून घ्यायचे, ही सेवेतील त्रुटी आहे की नाही हे जिल्हा ग्राहक आयोग ठरवील, कंपनी नव्हे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालू शकतात, असे स्पष्ट केले आहे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला शुल्कही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा. पुष्कळदा तेवढ्यानेच कंपनी बोलणी करायला तयार होते.

कोथरूडकर
आभारी आहे. खरेदीच्या वेळी आलेल्या एसएमएसमध्ये ओटीटीचा आणि '३६५ दिवस' या मुदतीचा एकत्र उल्लेख आहे. पैसे भरल्याची पावतीही ईमेलमध्ये सापडली.

उत्तर : सह्याद्री
मग त्या दोन्हींचे आणि ॲपमधल्या बदललेल्या पानाचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, कारण पोर्ट झाल्यावर जुन्या कंपनीच्या ॲपमध्ये लॉगिन होईलच याचा भरवसा नाही. परताव्याची मागणी दोन प्लॅनमधील फरकाच्या उरलेल्या महिन्यांपुरतीच ठेवा. संपूर्ण रिचार्जचे पैसे मागितले, तर वापरलेल्या डेटाचा हिशेब पुढे येईल आणि मूळ मुद्दा बाजूला पडेल.