‘सेल्फ केअर’साठी शब्द: काळजी, निगा की जपणे?

प्रश्न: मधुमेह असलेल्या नोकरदार स्त्रियांसाठी मी एक माहितीपत्रक लिहीत आहे. वेळेवर जेवणे, पुरेशी झोप, पावलांची रोज पाहणी या सगळ्याला मूळ मजकुरात ‘सेल्फ केअर’ म्हटले आहे. ‘स्वकाळजी’ हा प्रतिशब्द मला खटकतो, परंतु त्याचे कारण नेमके सांगता येत नाही. दुसरा शब्द सुचवावा.

प्रतिसाद: आपले खटकणे योग्य आहे. ‘काळजी’ या शब्दात चिंता आणि देखभाल असे दोन अर्थ नांदतात आणि त्यांना वेगळे ठेवण्याचे काम क्रियापद करते. ‘काळजी करू नकोस’ आणि ‘काळजी घे’ ही वाक्ये आपण एकाच फोनवर लागोपाठ बोलतो आणि कोणाचाही गोंधळ होत नाही. समास केला की क्रियापद गळते आणि उरलेला शब्द चिंतेकडे झुकतो. जिच्या डोक्याला घरातल्या चौघांची काळजी आधीच आहे, तिला ‘स्वकाळजी’ म्हणजे पाचवी काळजी वाटण्याचा संभव आहे.

मी ‘निगा’ सुचवेन. हा शब्द फारसीतील ‘निगाह’, म्हणजे नजर, यावरून आला. बाळंतिणीची, गुरांची, बागेची निगा राखतात. ती एकदा राखून संपत नाही, रोज नजर ठेवावी लागते. मधुमेहात पायांची संवेदना कमी होऊ शकते आणि जखम दुखत नसल्यामुळे ध्यानातच येत नाही, म्हणून तेथे डोळ्यांनी पाहणे हीच निगा ठरते. ‘स्वतःकडे बघायलाही वेळ नाही’ असे आपण सहज म्हणतो, त्या तक्रारीलाही हाच शब्द नेमके उत्तर देतो.

प्रश्न: मग आयुर्वेदातील ‘स्वस्थवृत्त’ (निरोगी राहण्याचे आचारनियम) किंवा ‘दिनचर्या’ का नको?

प्रतिसाद: ‘स्वस्थवृत्त’ अभ्यासक्रमात शोभते, पण बोलीत ‘स्वस्थ बसणे’ म्हणजे काही न करणे, त्यामुळे पत्रकात त्याचा घोटाळा होईल. ‘दिनचर्या’ हे वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदावरील ग्रंथातील सूत्रस्थान या विभागाच्या दुसऱ्या अध्यायाचे नाव आहे आणि त्यात दात घासण्यापासून तेल लावण्यापर्यंत स्वतःच्या देहासाठी करायच्या गोष्टी येतात. आज मात्र कोणा नोकरदार स्त्रीला दिनचर्या विचारली तर ती डबे, लोकल, कार्यालय आणि मुलांचा अभ्यास असे सांगेल, म्हणजे बहुतेक इतरांसाठी केलेले काम. याच अध्यायात ‘अभ्यङ्गमाचरेत् नित्यम्’, म्हणजे रोज अंगाला तेल लावावे, असे म्हटले आहे, डोके, कान आणि पाय यांवर विशेष भर दिला आहे. आपल्याकडे ‘अभ्यंग’ म्हटले की दिवाळीची पहाट आठवते. नित्याचा शब्द वर्षातून एकदा उच्चारला जावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरा प्रतिसाद: ‘निगा’ मला मान्य आहे आणि त्याला ‘स्व’ जोडण्याचीही गरज नाही, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतही सेल्फ केअर ही एकट्या व्यक्तीची नसून कुटुंबाची आणि समुदायाचीही क्षमता मानली आहे. अडचण मनासाठी शब्द शोधताना येते. ‘मनाची निगा’ ओढूनताणून आणल्यासारखे वाटते. ‘मन जपणे’ रुळलेले आहे, पण मराठीत आपण ज्याचे मन जपतो तो बहुधा दुसराच असतो. ‘तब्येतीला जप’ हे मात्र निःसंकोच वापरावे.

आणखी एक शब्द पाहावा: ‘आबाळ’. जेवणाची आबाळ ‘होते’, तेथे कर्ता दिसत नाही. प्रकृतीची हयगय आपण ‘करतो’, तेथे बोट रोखले जाते. दमलेल्या वाचक स्त्रीला ‘हयगय करू नका’ असे दटावण्यापेक्षा ‘आबाळ होऊ देऊ नका’ म्हणावे. तसेच ‘सवड मिळाली की’ न लिहिता ‘सवड काढून’ लिहावे, कारण मिळण्याची वाट पाहिली तर ती रात्रीपर्यंत मिळत नाही.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. शीर्षक ‘रोजची निगा’ केले आणि पहिले वाक्य असे लिहिले: ‘झोपण्यापूर्वी पाच मिनिटांची सवड काढून तळपाय आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात.’ मनाच्या भागासाठी शब्द अजून हवा आहे. तोवर तेथे ‘विसावा’ ठेवला आहे.