मदत हवी आहे: एमपीयू-६०५० जायरोचा कोन सरकतो, मोटर लावली की झुलतो

या जायरोने (फिरण्याचा वेग मोजणारी चिप) दोन चाकांच्या रोबोटचा उभ्या अक्षाभोवतीचा कोन मोजतोय. रेंज ±२५० अंश/सेकंद, फिल्टरच्या रजिस्टरला (चिपमधली सेटिंगची जागा) हात लावलेला नाही. लूपमध्ये १० मिलिसेकंदांचा डिले आहे आणि कोनाच्या हिशेबात (प्रत्येक फेरीत वेग × वेळ मिळवत जातो) वेळ ०.०१ सेकंद धरली आहे. आय-टू-सी (चिपशी बोलणारी डेटा बस) १०० किलोहर्ट्झवर. पॉवर दिल्याबरोबर २०० रीडिंगची सरासरी काढून ऑफसेट (स्थिर असतानाही येणारा आकडा; इंटिजर, म्हणजे पूर्णांकात) वजा करतो.

१) स्थिर ठेवला तरी मिनिटाला २ अंश सरकतो.
२) ९० अंश फिरवला तर ८३ दाखवतो.
३) चाकं अधांतरी ठेवून मोटर लावली (शाफ्ट मिनिटाला सुमारे ५,५०० फेरे) की साधारण सेकंदाला एकदा ३ अंश इकडे, ३ अंश तिकडे झुलतो.

सेन्सर खराब आहे का?

प्रतिसाद

सेन्सर ठीक वाटतो. दुसरा प्रश्न आधी घ्या, कारण तिसऱ्याची किल्ली त्यातच आहे. १०० किलोहर्ट्झवर पत्त्यासकट सहा बाइट वाचायला जवळपास ०.८ मिलिसेकंद जातात. म्हणजे लूप १० नाही, १०.८ मिलिसेकंदांचा आहे. ९० × १० ÷ १०.८ = ८३. वेळ गृहीत धरू नका, प्रत्येक फेरीत मायक्रोसेकंदांत मोजा.

आता झुलणं. १०.८ मिलिसेकंद म्हणजे सेकंदाला ९२.६ नमुने. तुमची मोटर सेकंदाला ९१.७ वेळा फिरते. प्रत्येक नमुना थरथरीच्या जवळजवळ त्याच टप्प्यावर पडतो, म्हणून वेगवान थरथर ०.९ हर्ट्झचा संथ झोका होऊन दिसते. खरी थरथर अंशाच्या तीन शतांशांइतकीच असेल. खात्री करायची तर मोटरचा वेग किंचित बदला, झोक्याची लयही बदलेल. नंतर सॉफ्टवेअरमध्ये सरासरी घेऊन हे जात नाही, नमुना घेण्याआधीच थांबवावं लागतं:

रजिस्टर १०७ मध्ये १ (झोपेतून उठतो आणि क्लॉक जायरोवरून घेतो)
रजिस्टर २६ मध्ये ३ (४२ हर्ट्झ फिल्टर, ४.८ मिलिसेकंद उशीर)
रजिस्टर २५ मध्ये १ (सेकंदाला ५०० नमुने)

बस ४०० किलोहर्ट्झवर न्या आणि डिले काढून डेटा-रेडी इंटरप्टवर (नवा नमुना तयार झाला की चिप देते तो इशारा) वाचा.

आणखी एक प्रतिसाद

पहिल्या प्रश्नाबद्दल. मिनिटाला २ अंश म्हणजे सेकंदाला ०.०३३, या रेंजवर (१३१ काउंट, म्हणजे चिपच्या कच्च्या आकड्यातली एककं = १ अंश/सेकंद) जेमतेम साडेचार काउंट. आतलं वस्तुमान झेड अक्षासाठी साधारण २७ किलोहर्ट्झने कंप पावत असतं. चिप फिरली की कोरिऑलिस बल (फिरण्यामुळे हलत्या वस्तूवर जाणवणारं आडवं बल) त्याला आडवं ढकलतं आणि ते सूक्ष्म सरकणं कपॅसिटन्सवरून मोजलं जातं. घडणीत तसूभर असमानता असली की मूळ कंपनाचाच अंश आडव्या दिशेत झिरपतो आणि चिप न फिरताही आकडा येतो. तापमान बदललं किंवा बोर्डावर ताण आला की हा आकडा हलतो. म्हणून चिप काही मिनिटं गरम होऊ द्या, मग २००० नमुने घ्या आणि त्या चार सेकंदांत कोणी हात लावला तर ते टाकून द्या. ऑफसेट फ्लोटमध्येच (दशांशासह) ठेवा: अर्धा काउंट गाळला तरी मिनिटाला ०.२३ अंश जातो. स्क्रू एका कोपऱ्यात करकचून आवळू नका. आणि बोर्ड अल्ट्रासॉनिक बाथमध्ये कधीही धुऊ नका, तिथली कंपनं याच पट्ट्यात असतात, आतली रचना मोडते.

उभ्या अक्षाचा कोन अ‍ॅक्सिलरोमीटरने (गुरुत्वाकर्षणाची दिशा सांगणारा सेन्सर) सुधारता येत नाही, त्या फिरण्याने गुरुत्वाकर्षणाची दिशा बदलतच नाही. चाकांना एन्कोडर (चाक किती फिरलं ते मोजणारा सेन्सर) असेल तर चाकं थांबलेली असताना ऑफसेट पुन्हा मोजत राहा. हा उपाय सर्वांत भरवशाचा.

धागाकर्ता

झुलणं पूर्ण थांबलं. सरकणं पाच मिनिटांत अर्ध्या अंशावर आलं. ९० चे मात्र ८९ येतात.

प्रतिसाद

तो स्केलचा फरक, म्हणजे चिप वेगच ठरावीक प्रमाणात कमी-जास्त दाखवते. डेटाशीटमध्येच ±३ टक्के दिलाय. सपाट पृष्ठभागावर एकाच दिशेने दहा पूर्ण फेऱ्या मारा, एक फेरी चार-पाच सेकंदांत. ३६०० ला आलेल्या आकड्याने भागा. ३५६४ आले तर गुणक १.०१०१. उलट दिशेनेही करून पाहा. दोन्हीकडचे गुणक वेगळे निघाले तर ऑफसेट अजून शिल्लक आहे, आधी तो नीट करा.