१९५/५५ आर १६ काढून १५ इंची चाकं बसवली तर गाडी खरंच मऊ चालते का?

डोंगरवाट (प्रश्न)

हॅचबॅक, वरचं व्हेरियंट. कंपनीचेच अलॉय आणि १९५/५५ आर १६ टायर. टायर चार वर्षांचे, ४२,००० किलोमीटर झालेत, नक्षी जेमतेम अडीच मिलिमीटर उरली आहे, म्हणजे बदलायचेच आहेत. रोजचा रस्ता पेव्हर ब्लॉकचा, मध्ये गटारांची वर आलेली झाकणं आणि रंबलर. प्रत्येक सांधा कमरेत बसतो. याच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला १८५/६५ आर १५ येतात.

तीन पर्याय दिसतात: आहे तेच माप, त्याच रिमवर १९५/६० आर १६, किंवा रिमसकट १८५/६५ आर १५. टायरच्या दुकानात सल्ला मिळाला की हवा पाच पाउंड कमी ठेवा, बाकी काही करू नका. काय करावं?

चाकोरी

आधी आकडेमोड करू, निम्मं उत्तर त्यातच आहे.

१९५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, १६ हा रिमचा व्यास इंचात, आणि ५५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची १९५ च्या ५५ टक्के, १०७ मिमी. १८५/६५ ची भिंत १२० मिमी. रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामधला हवेचा थर १३ मिमीने वाढला. पूर्ण चाकाचा व्यास मात्र पहिल्याचा ६२०.९ मिमी आणि दुसऱ्याचा ६२१.५. फरक अर्ध्या मिलिमीटरचा, त्यामुळे स्पीडोमीटर, गिअरिंग, गाडीची उंची सगळं जागच्या जागी राहतं.

१९५/६० आर १६ चा व्यास ६४०.४ भरतो, म्हणजे तीन टक्क्यांहून किंचित जास्त. काटा १०० दाखवेल तेव्हा चाकं त्याहून तीन किलोमीटर जोरात धावत असतील. पूर्ण स्टिअरिंग वळवून मागच्या सीटवर तिघं बसले की आतल्या प्लास्टिकला टायर घासण्याची शक्यता राहते. हा पर्याय मी सोडून देईन.

भार वाहण्यातही १५ इंची टायर कमी पडत नाही. १८५/६५ आर १५ वर ८८ हा लोड इंडेक्स असतो, म्हणजे प्रत्येक टायरला ५६० किलो. १९५/५५ आर १६ वर ८७, म्हणजे ५४५. टायर घेताना भिंतीवर 'एक्सएल' (जादा भारासाठीचा टायर) छापलेलं असेल तर गरज नसताना घेऊ नका. त्याचा सांगाडा जास्त कडक असतो आणि मऊपणासाठी केलेला खर्च तिथेच वाया जातो.

रबर_आणि_रिम

चाकोरी यांचं गणित बरोबर, पण भिंत जास्त उंच झाल्याने नेमका कोणता धक्का कमी होतो हे समजून घ्या, नाहीतर निराशा होईल.

पेव्हरचा सांधा, झाकणाची कड, रंबलर हे छोटे, झटक्याचे धक्के. शॉकअब्सॉर्बर इतक्या वेगाने दबत नाही, तो त्या क्षणी जवळपास दांड्यासारखाच वागतो. असा धक्का टायरची भिंत वाकूनच खाते, म्हणून १३ मिमी इथे स्पष्ट जाणवतील. रस्त्याची लांब लाट, मोठा गतिरोधक, घाटातला खचलेला भाग इथे काम स्प्रिंग आणि शॉकचं असतं, टायरने फारसा फरक पडत नाही. गतिरोधक उतरल्यावर गाडी दोन-तीनदा डोलत असेल तर आधी शॉक बघा. पुढून 'कट-कट' आवाज येत असेल तर सस्पेन्शनचे लिंक रॉड आणि सांध्यातले रबरी बुश. टायरवर तळहात फिरवा: नक्षीचे ठोकळे एका बाजूने करवतीसारखे बोचले तर बहुधा अलाइनमेंट बिघडलेली आहे, उंच-सखल खळगे लागले तर बॅलन्सिंग किंवा शॉक. ते तसंच ठेवलं तर नवे टायरही तसेच खाल्ले जातील.

हवा कमी ठेवण्याचा सल्ला मात्र अजिबात मानू नका. पाच पाउंड कमी हवेवर भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते आणि आतून तापते. गल्लीत ते कळत नाही. समृद्धीवर १२० ने तासभर गेलात तर तोच टायर फुटू शकतो. उलट चूकही तितकीच सर्रास होते: पंपावर सगळ्या गाड्यांना सरसकट ३५-३६ पाउंड भरतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किती लिहिलंय ते पाहा, स्वतःचा गेज घ्या आणि सकाळी, गाडी निदान तीन तास उभी असताना मोजा. तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण दीड पाउंड वाढतो, म्हणून दुपारी चालवून आल्यावर जास्त दिसलेली हवा सोडायची नाही. सकाळी मोजलेला आकडा स्टिकरपेक्षा तीन-चार पाउंडांनी जास्त निघाला तर रिम बदलायच्या आधीच बराच फरक पडेल.

डोंगरवाट

आज सकाळी मोजलं. स्टिकरवर ३०, टायरमध्ये ३६ निघाले. दुरुस्त केलं, थोडं सुसह्य झालं, पण झाकणांचा दणका आहेच. १५ वर जायचं तर ब्रेकला रिम अडकणार नाही हे आधी कसं तपासायचं?

चाकोरी

डिकी उघडून स्टेपनी बघा. १६ इंची अलॉयच्या गाड्यांना स्टेपनी बऱ्याचदा १५ इंची लोखंडी १८५/६५ दिलेली असते. असेल तर ती पुढच्या चाकाच्या जागी चढवा, सगळे नट लावा, चाक हाताने पूर्ण फिरवा आणि रिम व कॅलिपरमध्ये (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) जागा आहे का ते बघा. पुढचा ब्रेक मोठा असतो, म्हणून पुढे बसलं की मागेही सहसा बसतं.

बाहेरचे अलॉय घेणार असाल तर त्यांची चाचणी पुन्हा करा, कारण स्पोक आतल्या बाजूला किती फुगलेत यावरही अडकणं अवलंबून असतं. बोल्टांचं वर्तुळ, ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती सरकलेली आहे ते) आणि मधलं छिद्र ही तीन मापं जुन्या रिमशी जुळवा. ऑफसेट पाचपेक्षा जास्त मिलिमीटरने सरकू देऊ नका. मधलं छिद्र मोठं असेल तर ती पोकळी भरणारी हब रिंग लागते. ती नसेल तर चाक मधोमध बसत नाही, ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंग कितीदाही केलं तरी जात नाही. अलॉयच्या आणि लोखंडी रिमच्या नटाची बैठक वेगळी असू शकते, तीही तपासा. नट चांदणीच्या क्रमाने (ओळीने नव्हे, समोरासमोरचे आळीपाळीने), मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा आणि १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

माझं मत: पैसे वाचवायचे असतील तर कंपनीच्याच लोखंडी रिम आणि कव्हर घ्या. आपटून वाकली तर लोखंडी रिम ठोकून सरळ होते, अलॉयला तडा जाऊ शकतो.

तिसरा_गिअर

एकच भर. १८५/६५ आर १५ हे खूप चालणारं माप, त्यामुळे निवड मोठी आहे आणि त्याच दर्जाचा १६ इंचीपेक्षा बहुधा स्वस्त पडतो. पण माप तेच असलं तरी टायरची जात वेगळी असते: मिशेलिनमध्येच एनर्जी एक्सएम२+ टिकाऊपणासाठी, प्रायमसी ४ एसटी शांतपणासाठी. तुमची तक्रार धक्क्याची आहे, तेव्हा दुसऱ्या जातीकडे झुका आणि ते तुमच्या मापात मिळतात का ते आधी विचारा. वळणावर गाडी किंचित आळसावेल, १० मिमीने अरुंद झाल्याने पकड थोडी कमी होईल, हे स्वीकारूनच जा.

विकत घेताना भिंतीवरच्या 'डीओटी' कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. दुकानात दोन वर्षं पडलेला टायर स्वस्त दिला तरी घेऊ नका, रबर वयाबरोबर कडक होत जातं. चारही टायर एकाच जातीचे आणि शक्यतो एकाच आठवड्याचे मागा.