जुनी, स्वस्तातली गिअरची सायकल: दुरुस्त केली की बदलली? नाशिककरांनो, अनुभव लिहा

मुलाच्या दहावीत घेतलेली १८ गिअरची सायकल जिन्याखाली उभी आहे. लोखंडी फ्रेम, २६ इंची चाकं, पुढे-मागे शॉकअप. घेतली तेव्हा साडेसहा हजारांची. मुलगा आता पुण्याला, आणि मला डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलंय. मिस्त्रीने खर्च काढला ४२०० रुपये: चेन, फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं), दोन्ही टायर-ट्यूब, ब्रेक, वायरी, सीट, पायडल, ओव्हरहॉल. हिचं म्हणणं, "भंगारात द्या आणि जिन्याखालची जागा मोकळी करा." या पेचातून जे गेलेत त्यांनी लिहा. सल्ला नंतर द्या, आधी तुम्ही काय केलंत आणि पुढे काय झालं ते सांगा.

सातपूर कॉलनी
मी केलेली चूक सांगतो. त्र्यंबक रोडला चढावर जोर लावला की चेन खटकन उडायची. ३०० रुपयांची नवी चेन टाकली, तर ती जास्तच उडायला लागली! जुनी चेन ताणली जाते आणि फ्रीव्हीलचे दातही तिच्याच मापाने झिजतात. मग नवी चेन त्या दातांवर बसत नाही. शेवटी फ्रीव्हीलही बदलावं लागलं.
आम्ही टर्नर लोक मापाशिवाय बोलत नाही, म्हणून माप देतो. स्टीलची पट्टी घ्या, चेनच्या एका पिनच्या मध्यापासून पुढे २४ पिना मोजा. नवी चेन बरोबर १२ इंच भरते. अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त भरली तर नुसती चेन बदला. एक सूत जास्त असेल तर फ्रीव्हीलचेही पैसे धरून चाला.

गंगापूर रोड
माझीही दोन्हीकडे शॉकअपवाली होती. सोमेश्वरच्या पुढे चढ लागला की माझा निम्मा जोर मागची स्प्रिंगच खायची, मी आपला जागच्या जागी उड्या मारतोय. दिली भंगारात. बिनगिअरची हलकी घेतली. पश्चात्ताप शून्य.

जेल रोड, नाशिकरोड
वडील प्रेसमध्ये होते. त्यांची काळी २४ इंची सायकल आयुष्यभर चालली, कारण पायडलचा दांडा धरून ठेवणारी कटर पिन जराशी हलली तरी ते त्याच संध्याकाळी ठोकून घ्यायचे. मी मात्र माझ्या गिअरवालीचा डावा क्रँक (पायडलचा दांडा) कट-कट वाजत असताना महिनाभर तशीच हाणली. त्याचं चौकोनी भोक पार गोल झालं. मग नट कितीही आवळा, दोन दिवसांत पुन्हा ढिला. नवा क्रँक ४५० रुपयांत बसला आणि सायकल अजून चालू आहे. वेळेवर एक पाना फिरवला असता तर तेही वाचले असते.

अंबड
आधी फ्रेम बघा हो, चेन-बिन नंतर. सीटखाली जिथे नळ्या जुळतात तिथे आणि हँडलच्या खाली ओलं फडकं फिरवा. रंगात केसाएवढी गंजलेली रेघ दिसली तर ती चीर आहे असं समजा. माझ्या सायकलला सीटच्या नळीवर अशीच रेघ होती. लोखंड असल्याने एमआयडीसीतल्या मित्राने वेल्डिंग मारून दिलं, दोन वर्षं टिकलं. पण मी कंपनीत जायला-यायला सपाट रस्त्यावरच चालवायचो. हीच चीर पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला असती तर मी वेल्डिंगच्या नादाला लागलो नसतो, कारण चिमटा तुटला की माणूस थेट तोंडावर पडतो. अॅल्युमिनियमची फ्रेम तर गल्लीत वेल्डिंग करायची चीजच नव्हे.

पंचवटी
माझा उपाय कोणी सांगितला नाही म्हणून लिहिते. मला भाजी आणायला आणि सकाळी गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीवर) जायला सायकल हवी, मला १८ गिअर काय करायचे? पुढचे-मागचे दोन्ही गिअर काढून टाकले, चेन तोडून लहान केली, एकाच दातेरी चक्रावर बसवली. मागचा एक्सल आडव्या खाचेत बसतो, म्हणून चाक मागे ओढून चेन ताणता आली. खाच उभी असेल तर हे जमत नाही, ते आधी बघा. पुढे टोपली लावली. मिस्त्री हसला, पण आता त्याच्याकडे हवा भरण्यापुरतीच जाते. एकच खोट: होळकर पुलावरून उलट्या वाऱ्यात येताना गिअरची आठवण येते.

म्हसरूळ
तीन हप्त्यांत पाच हजार घातले. आधी टायर, मग चाकाचा आउट (वाकडं फिरणारं चाक सरळ करणं), मग गिअर. दर वेळी वाटायचं, एवढं केलं की झालं. १५०० ला विकली. एकदम आकडा काढला असता तर पहिल्याच दिवशी विकली असती.

इंदिरानगर
२०१५ साली आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करायची रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) ही सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली, तेव्हा मलाही चेव चढला. सायकल आली, दोनदा अंजनेरीच्या पायथ्यापर्यंत गेली, आणि बाल्कनीत स्थिरावली. गेल्या वर्षी काढली तेव्हा टायरच्या कडांना भेगा. मी मेनरोडवरून '२६' बघून टायर आणला, तो रिमवर बसेचना! २६×१.९५ आणि २६×१ ३/८ ही दोन वेगळी मापं आहेत. दुसरा टायर साध्या सायकलीचा, त्याचा घेर मोठा. जुन्या टायरच्या कडेवर लिहिलेलं माप फोटो काढून न्या.
आणि डांबरीवरच चालवणार असाल तर खोल खाचांचा टायर घेऊ नका, गुळगुळीत घ्या. मला तर सायकलच बदलल्यासारखं वाटलं.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. काल पट्टी लावली: चेन अर्धं सूत जास्त, त्याहून नाही. म्हणजे फ्रीव्हील वाचलं. फडकं फिरवलं, रेघ सापडली नाही, फक्त कोळ्याची जाळी निघाली. सीट आणि पायडल आहेत तेच चालतील. मिस्त्रीच्या यादीवर मी पेन चालवलं, तो जरा नाराज झाला, पण आकडा १९५० वर आला. टायर गुळगुळीतच सांगितले आहेत. मागच्या शॉकअपचं गंगापूर रोडवाल्यांनी लिहिलेलं मनात खुपतंय, पण मला सोमेश्वरच्या पुढे जायचंच नाहीये सध्या.
बुधवारी बाजाराची गर्दी असते म्हणून गुरुवारी सायकल न्यायला बोलावलंय. हिने जिन्याखाली आत्ताच कुंड्या मांडल्या आहेत.